पडवळ सरांनी ‘निरंक’ लिहिलं

पडवळ सर गेल्याचं मला शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मधली सुट्टी संपत आली होती, मुलं नळावर ताटल्या धुवत होती आणि खिचडी वाढतानाचा रोजचा फोटो पाठवायला म्हणून मी फोन उघडला. कुणीतरी लिहिलं होतं, की आपले जुने सहकारी दत्तात्रय पडवळ सर आज सकाळी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, अंत्यविधी दुपारी गावीच आहे. त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. आणि त्या रांगेच्या मध्येच एक सूचना येऊन पडली होती, सोबतची लिंक आज संध्याकाळपर्यंत भरावी, अतितातडीचे. तिथून पुढे हात जोडणं थांबलं होतं. ‘भरली’, ‘भरली सर’, ‘नेट नाही, भरते’... मी ते वर-खाली करून पुन्हा वाचलं. सर असते तर हसले असते, असं मनात आलं. मग लक्षात आलं, की शेवटची दोन वर्षं सर हसायचे थांबलेच होते.

मला लगेच निघता आलं नाही. राजगुरुनगरच्या पुढं आमची दोन शिक्षकांची शाळा, आणि दुसऱ्या बाई त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेल्या. एवढी लेकरं कुणाच्या भरवशावर सोडून जायचं? शाळा सुटल्यावर निघाले, तर नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग हलायला तयार नव्हती. पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं परतत होती. सरांचे थोरले भाऊ, ज्यांना गाव आप्पा म्हणतं, ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. “लई उशीर केला बाई,” एवढंच म्हणाले, आणि आत सरांच्या पत्नीकडं, वहिनींकडं, हात केला.

आता दीड महिना होत आलाय. एवढ्या दिवसांत सरांबद्दल कुठं काही छापून आलं नाही. यायचं कारणही नाही. त्यांना पुरस्कार नव्हता, संघटनेत पद नव्हतं. चाकणच्या अलीकडच्या एका गावात, जिथं आता शेत शोधून सापडत नाही, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरीतली बहुतेक वर्षं काढली. मी त्यांच्याबरोबर तिथं आठ-नऊ वर्षं शिकवलं. म्हणून मलाच लिहायला हवं, असं वाटलं.

मी मूळची परभणीकडची. नवऱ्याची कंपनी भोसरीत, घर पिंपळे गुरवला, आणि माझी बदली या गावात झाली तेव्हा मी इथल्या बोलण्याला बुजून असायचे. सर मात्र इथलेच. वाडवडिलांची जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशात भावांनी खोल्या बांधल्या, गाड्या लावल्या, कंत्राटं घेतली. सर डी.एड. होऊन मास्तर झाले आणि मास्तरच राहिले. उंच, किंचित पोक काढून चालणारे, वर्गात शुद्ध बोलणारे आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ‘व्हय’ आणि ‘न्हाई’वर येणारे. गावातल्या कुणाच्याही घरी ते सरळ चुलीपर्यंत जायचे आणि पोरगं शाळेत का आलं नाही ते विचारायचे.

माझ्या तिथल्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. नांदेडहून एक कुटुंब आलेलं, बाप प्रेसशॉपला हेल्पर. त्यांचा मुलगा हजेरीला उभा राहून म्हणाला, “सर, माझा भाऊ बी यायलाय.” गावातली पोरं खो-खो हसली. दुसऱ्या दिवशी ते पोरगं तोंडच उघडेना. सर माझ्या वर्गात आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, “बाई, तुमच्याकडं ‘मी येतेय’ला काय म्हणतात?” मी लाजत सांगितलं, ‘मी यायले’. मग त्यांनी मला त्यांच्या वर्गात नेलं, आणि आख्ख्या चौथीकडून ‘यायलो, जायलो, खायलो’ घोकून घेतलं. तो नांदेडचा मुलगा चुका दुरुस्त करत वर्गभर फिरत होता. महिनाभर गावातली पोरंही तसंच बोलत होती, आणि पालक तक्रार घेऊन आले तेव्हा सर म्हणाले, “आवं, फुकटात आणखी एक मराठी शिकली पोरं, तुमचं काय गेलं?”

पुढं हिंदी बोलणारी मुलं आली, मग ओडिया, मग नेपाळी. जूनमध्ये नाव घालायचं आणि बापाचं कंत्राट संपलं की दिवाळीनंतर गायब, असं निम्म्या वर्गाचं व्हायला लागलं. पुस्तक एका भाषेत, मूल दुसऱ्या भाषेत. सर प्रत्येक नव्या मुलाकडून त्याच्या घरचे शब्द मागून घ्यायचे, पाणी, भाकरी, आई, झोप... आणि ते फळ्याच्या कडेला लिहून रोज मोठ्यानं म्हणायचे. त्यांचे उच्चार ऐकून मुलं हसायची. हसलेलं मूल दुसऱ्या दिवशी येतंच, असं त्यांचं म्हणणं होतं.

मात्र शिकवायला दिवसातला वेळ किती उरायचा, हे लिहिलं तर वाचणाऱ्याला खोटं वाटेल. हजेरी ॲपवर, खिचडी ॲपवर, हात धुवायचा दिवस साजरा केला त्याचा फोटो, झाड लावलं त्याचा फोटो, झाडाशेजारी मूल उभं आहे त्याचा फोटो. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. सर पोक सांभाळत शिडीनं टाकीवर चढायचे आणि फोन आभाळाकडं धरून उभे राहायचे. पाहुणे आले की मुलं सांगायची, “सर टाकीवर हायेत.” सुरुवातीला आम्ही यावर पोट धरून हसलो. मग निवडणुकीच्या यादीचं काम आलं, घरोघरचं एक सर्वेक्षण संपेस्तोवर दुसरं आलं, आणि कित्येक आठवडे एका शिक्षकानं पाच वर्ग बघायचे आणि दुसऱ्यानं गावभर फिरायचं, असं झालं. एकदा टाकीवरून उतरताना सर शेवटच्या पायरीवरच बसले आणि म्हणाले, “बाई, आज मी सकाळपासून एकाबी पोराशी बोललो न्हाई.” शाळेच्या आवारातच ते माझ्याशी गावाच्या बोलीत बोलले, म्हणून ते मला लक्षात राहिलं.

त्याच सुमारास आप्पांनी गावात इंग्रजी शाळा काढली. रंगीत इमारत, पिवळी बस, टाय. सरांचं घर आणि आप्पांचं घर एकाच भिंतीचं, आणि रोज सकाळी ती बस त्यांच्या दारातून सुटायची. एकेक करून गावातली मुलं त्या बसमध्ये चढली. आप्पा वाईट माणूस नव्हेत. त्यांनी सरांना तिथं मुख्याध्यापक व्हायला सांगितलं होतं, मनापासून. सर नको म्हणाले. मग एका दुपारी आप्पा आमच्या शाळेत आले, व्हरांड्यात खुर्ची ओढून बसले आणि मी समोर आहे याचा विचार न करता म्हणाले, “दत्ता, गावातलं शेवटचं पोरगंबी आता हितनं काढत्यात. परप्रांती पोरांत आपली पोरं कोण बसवल? ही शाळा आता गावाची ऱ्हायली न्हाई.”

सर म्हणाले, “ज्या पोरांना परप्रांती म्हणतोस ती तुझ्याच खोल्यांत ऱ्हात्यात, आप्पा.”

आप्पा उठून गेले. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या वर्षी ग्रामसभेत शाळेच्या गळक्या वर्गाचा विषय निघाला तेव्हा हात वर करायला कुणी नव्हतं. ज्यांची मुलं त्या वर्गात बसायची, त्यांचं नाव गावच्या मतदार यादीतच नव्हतं. पत्रा सरांनी आणि मी सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बसवून घेतला.

आणि मग पिंकी. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय सरांबद्दल लिहिता येणार नाही. बिहारमधली, दुसरीत आली तेव्हा मराठीचं अक्षर येत नव्हतं. पाचवीत येईपर्यंत वर्गात सगळ्यात स्वच्छ वाचायची, आणि बोलायची मात्र अस्सल आमच्या गावचं. तिला शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं सरांनी ठरवलं. शाळा सुटल्यावर ते तिला गणितं घालत बसायचे. आई-बाप दोघंही कंपनीत, वेगवेगळ्या शिफ्टला, म्हणून पिंकी धाकट्या भावाला काखेला मारून शाळेत आणायची. सरांनी वर्गाच्या कोपऱ्यात खिडकीच्या गजाला साडीची झोळी बांधली. बाळ झोपायचं, पिंकी एका हातानं दोरी ओढत अपूर्णांक सोडवायची.

एक दिवस तपासणीला आलेल्या साहेबांनी ती झोळी पाहिली. वर्ग म्हणजे पाळणाघर नव्हे, असा शेरा पडला आणि खुलासा मागवला गेला. सरांनी खुलासा दिला, पण झोळी काढावी लागली. दुसऱ्या दिवसापासून पिंकी यायची थांबली. सर खोलीवर गेले, आईला समजावलं, वहिनी बाळाला सांभाळतील असंही सांगितलं. आठ-दहा दिवस वहिनींनी खरंच त्या बाळाला आपल्या घरी सांभाळलं. मग एका सोमवारी खोली रिकामी दिसली. बापाचं कंत्राट संपलं होतं, तळेगावच्या बाजूला कुठंतरी नवीन काम लागलं होतं, यापलीकडं शेजाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलेलं होतं. सर ते खिशात घालून दोन रविवार तळेगाव रस्त्याच्या कडेच्या सगळ्या खोल्यांमधून फिरले. दुसऱ्या रविवारी मीही त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले. एका पत्र्याच्या चाळीत लहान मुलाचं रडणं ऐकू आलं, आणि खिडकीच्या जाळीशी पिंकीचं तोंड दिसलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. आत ती, तिचा भाऊ, आणि शेजारणीची आणखी दोन लहान मुलं. आयांनी शिफ्टला जाताना सगळ्यांना एकत्र बंद केलेलं. आत सुरक्षित राहतील, म्हणून.

“सर, चावी मम्मीकडं हाय,” ती म्हणाली. जणू आम्ही चावीसाठीच आलो होतो.

सर खिडकीखाली बसले. मला वाटलं, रडतील. त्यांनी विचारलं, अपूर्णांकांची बेरीज आठवते का. तिनं जाळीतून बोट काढून धुळीनं माखलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर गणित करून दाखवलं. बरोबर होतं. आई येईपर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत, ते तिथंच बसून तिला शिकवत राहिले. आतली बाकीची मुलंही जाळीशी येऊन उभी राहिली होती. आई आली तेव्हा दारात आम्हाला बघून घाबरली, मग ओशाळली. सर तिला काही बोलले नाहीत. परीक्षेच्या दिवशी मी स्वतः न्यायला येतो, माझी बायको मुलांपाशी थांबेल, एवढंच त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. ती हो म्हणाली. तिचं हो खरं होतं, हे मी आजही सांगते. प्रवेशपत्र तिनं पदरानं पुसून घेतलं.

परीक्षेच्या सकाळी सर आणि वहिनी तिथं गेले. वहिनींनी बरोबर दशम्या घेतल्या होत्या, सरांनी नवीन पेन. कुलूप नेहमीसारखं बाहेरून होतं, पण हाक मारल्यावर जाळीशी कुणी आलं नाही. चाळीतल्या बाईनं सांगितलं, दोनच दिवसांपूर्वी ते सगळे गेले, रांजणगावला की गुजरातला, नक्की माहीत नाही. सर तरीही परीक्षा केंद्रावर जाऊन पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहिले. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. सरांनी पिंकीचा विषय माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

शाळेत न जाणाऱ्या मुलांची, सरकारी भाषेत शाळाबाह्य मुलांची, दर वर्षी पाहणी होते. शिक्षकानं वस्त्यांतून फिरायचं आणि अशी किती मुलं आहेत ते कळवायचं. एकही नसेल तर लिहायचं ‘निरंक’. बहुतेक ठिकाणांहून निरंकच जातं, कारण मुलं दाखवली की त्यांना शाळेत आणून बसवायची जबाबदारी येते, ती टिकली नाहीत तर विचारणा होते, आणि टिकत तर ती नसतातच. पडवळ सर दर वर्षी नावं लिहायचे. मग वरून फोन यायचा, की सर, सगळ्यांचं निरंक आलंय, तुमच्या एकट्यामुळं अहवाल अडकलाय. ती मुलं स्थलांतरित आहेत, तुमच्या हद्दीतली धरू नका. सर शांतपणे विचारायचे, “मग कुणाच्या हद्दीतली धरू?” फोन ठेवला जायचा. त्रास व्हायचा, पण सर नावं खोडायचे नाहीत. आम्हा सगळ्यांना त्यांचा थोडा अभिमान होता आणि थोडी भीतीही वाटायची.

पिंकी गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती पाहणी पुन्हा आली. सर दोन दिवस वस्त्यांवर फिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“लिहिलं बाई,” ते म्हणाले.

“काय?”

“निरंक.”

मी काही बोलायच्या आत ते वळून गेले.  वरून त्या वर्षी फोन आला नाही. उलट, माहिती वेळेत दिल्याबद्दल ग्रुपवर आमच्या शाळेचं अभिनंदन झालं. सरांनी त्यावर टाळ्यांचं चित्रसुद्धा टाकलं नाही, फोन टेबलावर पालथा घातला. दिवाळीच्या आधी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. नोकरी थोडीच उरली होती, सगळ्यांनी समजावलं, मीही. त्यांनी ऐकून घेतलं. निरोप समारंभाला आप्पांनी मंडप दिला, सरांच्या गळ्यात हार घातला आणि डोळे पुसले. सर भाषणाला उठलेच नाहीत.

माझी बदली झाल्यावर मी त्यांना फक्त एकदाच भेटले, गेल्या उन्हाळ्यात. खूप वाळले होते. वहिनी म्हणाल्या, जेवत नाहीत, डॉक्टरकडं चला म्हटलं की उद्या म्हणतात. वाकडला राहणारा मुलगा त्यांना नेऊ बघतो, तर येत नाहीत. चहा झाला, माझ्या शाळेचं बोलणं झालं. मी बोलत होते, ते ऐकत होते. निघताना मी म्हटलं, सर, तुम्ही एक वर्ष निरंक लिहिलं म्हणून एवढं काय घेऊन बसलात, सगळेच लिहितात. तेव्हा ते बोलले, अगदी हळू...

“बाई, त्या पोरांना मी काय देऊ शकलो न्हाई, ते मला म्हाईत व्हतं. पण नाव लिहिलं म्हंजे कागदावर तरी ते पोरगं हाय, एवढं ऱ्हायचं. मी तेबी पुसलं.”

 

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटून परत येताना शाळेवरून आले. सरांच्या जागी आता कंत्राटावर आलेला एक तरुण शिक्षक आहे. हुशार वाटला. दोन वर्ग एकत्र बसवून शिकवत होता, आणि मध्येच फोन घेऊन बाहेर आला. पुढच्या वर्षी पट आणखी घसरला तर शाळा शेजारच्या गावात विलीन करणार आहेत म्हणे. त्यानं मला विचारलं, तुमच्या इथं काही ओळख आहे का, माझं कंत्राट वाढायला... मी नाही म्हटलं. तो तिथं किती दिवस राहील, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

सरांची एक सवय मात्र सांगायची राहिली. शाळा सुटताना ते फाटकात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या एकेका मुलाला नावानं म्हणायचे, “उद्या ये बरं का.” सगळ्यांना, रोज. मला आधी ते उगाच वाटायचं. शाळेत यायचंच असतं, त्यात सांगायचं काय? या पट्ट्यात नोकरी करता करता कळलं, की आज फाटकातून गेलेलं मूल उद्या येईल असं कुणीच सांगू शकत नाही, त्याचे आई-बापही नाहीत. कधी सुरू झालं आठवत नाही, पण आता मीही शाळा सुटताना माझ्या शाळेच्या फाटकात उभी राहते आणि तेच म्हणते. परवा तिसरीतल्या रोशनीला म्हटलं, उद्या ये बरं का. तिनं मान डोलावली, थोडं पुढं जाऊन मागं वळून हसली.

काल आली नाही. आजही नाही.